यंत्राचा निरोप

(रोहिणखेड येथें कचेरीच्या कामास हातभार लावणाऱ्या तरुण मंडळीपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या धामधुमींत छपाईचें यंत्र दिवसांतून दहा वेळां अडतें. आणि अडलें म्हणजे त्याच्या लहानशा पडद्यावर दोनचार शब्द किंवा एखादा आंकडा उमटतो. तो पाहून कोणी यंत्राच्या पाठीवर थाप मारतो, कोणी तें उगीच बंद-चालू करीत बसतो, तर कोणी कारागिरास बोलावून पदरचे पैसे मोजतो. निरोप मात्र कोणी वाचीत नाहीं. तो कसा वाचावा, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या अस्टोरिया भागांत चेस्टर कार्लसन नांवाच्या गृहस्थानें जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालानें घासून विजेनें भारला, आणि त्या दिवसाची तारीख व ठिकाण लिहिलेली कांच त्यावर ठेवून प्रकाश पाडला. मग त्यानें बारीक भुकटी भुरभुरविली. जेथें प्रकाश पडला नव्हता तेथें भुकटी चिकटून राहिली, व तीच त्यानें मेणकागदावर उतरवून घेतली. आजचें लेसर यंत्र हेंच करतें. गोल नळ्यावर विजेचा भार, त्यावर प्रकाशानें काढलेलें अक्षर, त्यास चिकटणारी टोनरची भुकटी, आणि शेवटीं ती कागदावर वितळवून बसविणारा तापलेला रूळ, असा हा क्रम आहे. छापलेलें अक्षर अंगठ्यानें पुसलें जात असेल तर भुकटीस दोष देऊं नये. रूळ पुरेसा तापत नाहीं, किंवा कागद फार जाड आहे, असें समजावें.

आतां निरोपांकडे वळूं. हेवलेट-पॅकार्ड कंपनीच्या जुन्या यंत्रांवर ‘पी.सी. लोड लेटर’ अशी पाटी येई. पेटींत कागद भरलेला असूनही यंत्र हटून बसे, आणि माणसें चक्रावून जात. येथें ‘पी.सी.’ म्हणजे कागदाची पेटी, व ‘लेटर’ म्हणजे पत्र नव्हे, तर अमेरिकेंत चालणारें कागदाचें एक माप: २१६ मिलिमीटर रुंद व २७९ लांब. आपल्याकडचा ए-४ कागद २१० रुंद व २९७ लांब असतो. संगणकावरील मजकूर अमेरिकन मापांत मांडलेला व पेटींतला कागद ए-४, एवढाच काय तो तंटा! पाटीचे शब्द बदलले तरी हा तंटा आजही होतो. उपाय असा कीं, मजकुराचें माप व पेटीचें माप दोन्ही ठिकाणीं ए-४ करून ठेवावें.

त्याच कंपनीच्या पुष्कळ यंत्रांवर आंकडे येतात. १३ नें सुरू होणारा आंकडा कागद अडकल्याचा, ५० नें सुरू होणारा रुळाच्या उष्णतेचा. ४९ आला तर बहुधा यंत्रास न पचणारा एखादा मजकूर रांगेंत उभा असतो. यंत्र बंद करावें, संगणकाशीं जोडलेली तार काढावी, रांग रिकामी करावी, मग यंत्र एकटेंच चालू करून पाहावें. आंकडा पुन्हां आला नाहीं तर यंत्र निर्दोष आहे. ५० आल्यास यंत्र अर्धा तास बंद ठेवून भिंतीवरील प्लगलाच जोडावें. गांवांत विजेचा दाब उतरला, किंवा लांबलचक जोडतारेवर चार उपकरणें टांगलीं, म्हणजे रूळ तापत नाहीं. त्या रुळास लागलीच हात लावूं नये. तो भाजून काढतो.

कागद अडकला तर तो दोन्ही हातांनीं, सावकाश, कागदाच्या चालीच्याच दिशेनें ओढावा. हिसका दिल्यास टवका फाटून आंत राहतो, लहानसा खटका दाबलेलाच राहतो, आणि सर्व कागद काढले तरी यंत्र ‘अडकला, अडकला’ म्हणत बसतें. त्यास खोटारडें ठरवूं नका. विजेरी घेऊन तो टवका शोधा. पावसाळ्यांत कागद ओल धरतो व वांकतो, म्हणून रीम उघडें टाकूं नये. वैशाखांत उलट कागद कोरडा होऊन एकास एक चिकटतो. तेव्हां गठ्ठा पंख्यासारखा उलगडून मगच पेटींत ठेवावा.

‘टोनर कमी’ या पाटीनें गरीब कचेऱ्यांचे फार पैसे खाल्ले आहेत. ती पाटी बहुतेक यंत्रांत अंदाजावर चालते. किती पानें छापलीं, त्यांवर किती ठिपके पडले, यांचा तो हिशेब असतो. अक्षर ठळक येत आहे तोंवर छापीत राहावें.

युनिक्स संगणकांवर पूर्वी ‘छपाईयंत्र पेटलें आहे’ असा निरोप येत असे. यंत्रास दोष आहे, पण कागदही संपलेला नाहीं, असें कोडें पडलें म्हणजे तो छापला जाई. आग बहुधा नसेच; तरीही उठून पाहण्यांत कोणाचें नुकसान झालें नसावें.

आपल्या लिपीचें दुखणें निराळें. पडद्यावर मजकूर शुद्ध, पण कागदावर नुसते चौकोनी ठोकळे किंवा मोडलेलीं जोडाक्षरें! फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें तें रोमन लिपींत. देवनागरीचे खिळे त्यांस मिळाले नाहींत. आज खिळे उदंड आहेत, परंतु मजकूर ज्या टंकांत लिहिला तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला कीं तीच अडचण उभी राहते. मजकूर युनिकोडांत लिहावा, व टंक आंत घालून पीडीएफ करून मगच छापावयास द्यावा.

टपालाकडे येऊं. ज्या कचेऱ्यांत लिफाफ्यावर टपालखर्चाचा ठसा उमटविणारें फ्रँकिंग यंत्र आहे, तेथें दोन मोजण्या चालतात: एक खर्च झालेल्या रकमेची, दुसरी शिल्लक रकमेची. पुन्हां रक्कम भरीपर्यंत दोहोंची बेरीज तीच राहिली पाहिजे. शिल्लक अपुरी झाली कीं यंत्र थांबतें, आणि तें योग्यच करतें. पत्त्याच्या चिठ्ठ्या छापतांना पिनचे सहा आंकडे तपासावेत. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी गृहस्थांची, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. बुलढाण्याचा आंकडा ४४३००१. पहिल्या तिघांत एक जरी चुकला तर पत्र भलत्याच जिल्ह्याची वाट धरतें, आणि त्याची पाटी कोणत्याही यंत्रावर येत नाहीं.

आम्हांस खरी धास्ती आहे ती या न बोलणाऱ्या दोषाची. २०१३ सालीं डेव्हिड क्रीसेल या जर्मन संशोधकास असें आढळलें कीं, झेरॉक्स कंपनीचीं कांहीं यंत्रें नक्कल करतांना आंकडेच बदलीत होतीं. घराच्या एका नकाशांत तीन खोल्यांचीं क्षेत्रफळें १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटर होतीं. नकलेंत तिन्ही ठिकाणीं १४.१३ आलें! जागा वांचविण्यासाठीं यंत्र सारख्या दिसणाऱ्या लहान तुकड्यांचा एकच तुकडा सर्वत्र वापरीत होतें. अक्षर स्वच्छ, कागद नीट, पाटी कोणतीही नाहीं. कंपनीनें पुढें दुरुस्ती पुरविली. पण तोंवर किती कागद तसेच दप्तरांत गेले असतील कोण जाणे.

या रोहिणखेडांत १५८२ सालीं बांधलेली मशीद आहे. तिच्या दगडांत कोरलेलें अक्षर आपोआप बदलत नाहीं. आमच्या कपाटांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या मात्र आतां यंत्रांतून जाणार आहेत. जन्मसालांतील ६ चा ८ झाला तर एखाद्या म्हाताऱ्याचें निवृत्तिवेतन दोन वर्षें पुढें जाईल, आणि वही जीर्ण होऊन गेल्यावर त्याची बाजू मांडणारा कागदच उरणार नाहीं.

म्हणून या कामासाठीं आम्हीं असें ठरविलें आहे: नक्कल उतरतांना यंत्रांतील दाबून साठविण्याची सोय कमींत कमी ठेवावी. मग दोघांनीं समोरासमोर बसावें. एकानें मूळ वहींतून सालें व नांवें मोठ्यानें वाचावीं, दुसऱ्यानें नकलेवर बोट ठेवून तीं पडताळावीं. बोट ठेवणाऱ्यानें मूळ वही पाहूं नये. दिवसाला वीस पानांहून अधिक घेऊं नयेत, कारण पुढें डोळा थकतो. पहिली वही सोमवारीं सकाळीं दहा वाजतां कपाटांतून निघेल. ज्यांचीं अक्षरें व कान दोन्ही चांगलीं असतील त्यांनीं कचेरींत नांव द्यावें.