संत जोसेफ ह्यांचा आश्रय
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



ज्या संताच्या आश्रयाखाली हे मंदिर उभे आहे, त्या संत जोसेफ ह्यांच्या आश्रयाचा अर्थ काय, ह्याचा आज ह्या मंगल दिनी आपण विचार करू या.

शुभवर्तमानात संत जोसेफ ह्यांच्या मुखचा एकही शब्द नमूद नाही. तथापि ख्रिस्तसभेने त्यांच्यावर किती भार सोपविला आहे पाहा. ते हातांच्या कष्टावर संसार चालवीत, म्हणून कामगारांचे आश्रयदाते. १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा दिवस कामगार संत जोसेफ ह्यांच्या सणासाठी नेमिला. हेरोदाच्या भयाने बालकास व मातेस घेऊन ते रातोरात मिसर देशी गेले, म्हणून देशोधडीस लागलेले लोक त्यांचा धावा करितात. नाझरेथच्या कुटुंबाचे रक्षण ज्यांनी केले, त्यांनीच ख्रिस्ताच्या थोर कुटुंबाचेही करावे, ह्या भावनेने पोप नववे पायस ह्यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी त्यांस अखिल ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. त्याच वर्षी सप्टेंबरात रोम शहर पोपमहोदयांच्या हातून गेले होते, हे ध्यानात घ्यावे.

ते मरणोन्मुखांचेही आश्रयदाते आहेत. त्यांच्या मरणाचे वर्णन शास्त्रात नाही; परंतु प्रभूच्या दुःखसहनाच्या वेळी ते कोठेच दिसत नाहीत. तत्पूर्वीच, येशू व मरिया ह्यांच्या सान्निध्यात, त्यांनी देह ठेविला अशी परंपरा आहे. म्हणूनच सुखमरणासाठी आपण त्यांस विनवितो.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. त्या मरणाचे सुख आपली माणसे उशाशी असण्यात होते. आज ज्यांची मुले पोटासाठी परदेशी गेली आहेत, असे कित्येक वृद्ध आपल्याच धर्मग्रामात बंद दाराआड दिवस मोजीत आहेत. संत जोसेफ ह्यांच्या प्रतिमेस हार घालून परतताना ते दार आपण ओलांडून जात असू, तर आपल्या नोव्हेनांस काय अर्थ? आश्रयदात्याने देवाजवळ आपली रदबदली करावी व आपण त्याच्या पावलावर पाऊल ठेवावे, असे हे दुहेरी नाते आहे.

ह्यास्तव प्रत्येक घराने शेजारच्या एका एकाकी किंवा आजारी जिवापाशी आठवड्यातून एकदा तरी बसावे. आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी आम्हांस अपरात्रीही बोलवावे, आम्ही येऊ.

संत जोसेफ आपणां सर्वांच्या अंतसमयी जवळ असोत. आमेन.