चुलीचा रविवार



'आमचे साधे आनंद' हा विषय चालकांनी आम्हाला दिला, तेव्हा प्रथम आम्ही चपापलो. युनियनच्या माणसाला असा विषय देणे म्हणजे सोंगाड्याला कीर्तनाला उभे करणे होय. मजुरी, बोनस, संप यांवर आम्ही तीन तास बोलू. आनंदावर बोलण्याची आम्हाला सवय नाही. पण विचार करता करता असे ध्यानात आले की, आम्ही जन्मभर भांडलो ते याच गोष्टीसाठी.

आमची शाळा सातवीत सुटली आणि पाठीवर पोते आले. पुढचे शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झाले. गूळ आणावा, पुडा सोडावा, आणि कागद वाचावा. एकदा अशाच कागदावर एक गोष्ट निघाली. माणूस विहिरीत पडला आहे, चाचपडत वर येतो आहे, त्याने काठाला हात घातला, आणि तेथेच कागद फाटलेला! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत आम्ही वाण्याकडे गेलो आणि त्याची रद्दी उपसली. वाणी हसला, पण त्याने उपसू दिली. उरलेला अर्धा कागद काही सापडला नाही. तो माणूस वर आला की नाही, हे आम्हाला अद्याप ठाऊक नाही. मात्र त्या शोधात आम्ही वाचनालयाच्या पायरीपर्यंत पोहोचलो, आणि आज आपल्यापुढे उभे आहोत.

पहाटे गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसणे, स्टेशनवरचा पहिला चहा, उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडल्यावर येणारा मातीचा वास: आमची चैन एवढीच. यांतल्या कशालाही फारसा पैसा पडत नाही. वेळ मात्र लागतो, आणि वेळ गरिबाला कोणी आपण होऊन दिलेला नाही.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि पगार महिन्याच्या 15 तारखेच्या आत, अशा त्या मागण्या. आज ऐकताना त्या किती लहान वाटतात! त्यांतली रविवारची सुटी मिळायला सहा वर्षे लागली. एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट आपण विसरतो. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. स्वतंत्र भारतात 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि एक दिवस सुटी ठरवली. हमाल-माथाड्यांसाठी महाराष्ट्रात 1969 साली कायदा झाला. तेव्हा रविवारी उशिरा उठणाऱ्या प्रत्येकाने एकदा लोखंड्यांचे नाव घ्यावे, असे आमचे मत आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. एका बाजारपेठेतील हमालांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून आम्ही बरेच महिने झगडलो. ती मिळाली. गुलाल लागला, हार पडले. रात्री घरी येऊन आम्ही मंडळींना मोठ्या ऐटीत बातमी सांगितली. त्यांनी ताट वाढले आणि म्हणाल्या, "बरं झालं. तुमच्या हमालाला सुटी मिळाली. आमच्या चुलीला कोणता वार?"

बंधूंनो, मालकांपुढे आम्ही कधी निरुत्तर झालो नाही. त्या रात्री झालो. तीस वर्षे आमच्या घरी रात्री-बेरात्री कार्यकर्ते आले, जेवले, आणि त्या भाकरीचा तास आम्ही कोणत्याही मागणीपत्रात लिहिला नव्हता.

पुढच्या रविवारी त्या आपल्या बहिणींबरोबर पॅसेंजरने पोखर्णीच्या नृसिंहाला गेल्या आणि चूल आमच्याकडे आली. क्विंटलाचे पोते उचललेला हा हात. मूठभर ज्वारीच्या पिठाने त्याची जिरवली. पहिली भाकरी काठवटीतच मोडली, दुसरी तव्यावर पडताना दुमडली, तिसरीचा परभणी जिल्ह्याचा नकाशा झाला. पिठाची विरी गेली आहे, असे आम्ही शेजारच्या काकूंना सांगितले. काकू म्हणाल्या, "पीठ कालच दळून आणलंय की हो!" दोष मालावर ढकलण्याची मालकांची युक्ती आम्हीही किती सहज वापरली!

संध्याकाळी मंडळी परतल्या. देवदर्शन कसे झाले, असे विचारले, तर म्हणाल्या, "झालं चांगलं. पण गाडी गोदावरीच्या पुलावर आली आणि पाण्यात नाणं टाकायचं राहूनच गेलं. नुसती बघत बसले." ज्या नदीवर आम्ही रोज पहाटे पाय सोडून बसत होतो, ती त्यांनी इतक्या वर्षांत निवांतपणे पाहिलीच नव्हती. आमची ती पहाट कोणाच्या पहाटेतून कापून घेतलेली होती, हे तेव्हा कळले.

आपले गंगाखेड जनाबाईचे. नामदेवांच्या घरी तिने दळले, कांडले, शेणी वेचल्या. आणि तिच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आपण श्रद्धेने सांगतो. आम्ही पुष्कळ वेळा ती कथा ऐकून डोळे पुसले. परंतु देवाने काय केले? दळणाचा अर्धा भार आपल्याकडे घेतला. त्यातून मोकळा झालेला तिचा श्वास अभंगात गेला. डोळे पुसून घरी जायचे आणि ताटावर बसून "वाढा" म्हणायचे, ही त्या कथेची फेड नव्हे.

आमच्या भाकऱ्या आता गोल होतात. फुगतात मात्र त्यांच्या मर्जीने. दर रविवारी चूल आमच्याकडे असते, निदान आम्ही गावात असू त्या रविवारी. हा करार अपुरा आहे आणि पुढची वाटाघाट चालू आहे.

आज या मांडवात समोर बसलेल्या भगिनींची संख्या आम्ही मघाशी मोजली. बाकीच्या कोठे आहेत, हे सांगण्याची गरज नाही. आपण घरी परतल्यावर ताट वाढायला त्या जाग्या असतील. आज तेवढे ताट आपल्या हाताने वाढून घ्या आणि त्यांनाही वाढा. उद्याच्या व्याख्यानाला त्यांना आणा, आणि तुमच्यापैकी काहीजण घरी राहा. श्रोते कमी झाल्याबद्दल चालक आम्हाला दोष देणार नाहीत.