जुन्या वस्त्रांचा सहकार

आपल्या प्रत्येक घरांत एखादें तरी गांठोडें असें असतें कीं, त्याचें काय करावें हें कोणासच उमगत नाहीं. विटलेलीं पातळें, उसवलेले सदरे, मुलांना आंखूड झालेल्या विजारी, विरलेल्या चादरी; वापरवत नाहींत आणि टाकवतहि नाहींत. पूर्वीं हा प्रश्न बोहारीण सोडवी. एका पातेल्यासाठीं ती घटकाभर घासाघीस करी. परंतु त्यामुळें जुन्या वस्त्रालाहि मोल असतें, हें घरांतल्या लहानथोरांस कळे.

बोहारणीकडे न गेलेलें कापड गोधडीच्या कामीं येई. हें काम बहुधा एकटीचें नसे. दुपारचीं कामें आटोपलीं कीं शेजारणी जमत, जुन्या सुती लुगड्यांचे थर अंथरीत, त्यांवर रंगीबेरंगी तुकडे मांडीत आणि कडेपासून मध्याकडे धांवदोरा घालीत जात. पुष्कळ वेळां धुतलेलें सुती कापड मऊ होतें आणि थरांमध्यें अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. एका विरलेल्या लुगड्यानें थंडीचें निवारण होत नाहीं. चार लुगडीं एकत्र शिवलीं म्हणजे होतें.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर कशी करावी, याचें उदाहरण आपल्या देशांत आहे. दिल्लीस १९९९ सालीं श्री. अंशु गुप्ता यांनीं 'गूंज' ही संस्था स्थापिली. शहरांतून मिळालेले कपडे तेथें निवडले जातात, दुरुस्त केले जातात व गरजेप्रमाणें त्यांचे गठ्ठे बांधले जातात. खेड्यांतील लोक आपल्या गांवचें काम स्वतः ठरवितात. कोठें विहीर खणतात, कोठें रस्ता नीट करतात, कोठें बांबूचा पूल उभारतात आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे घेतात. त्यामुळें घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं. नेसण्याजोगें न उरलेलें सुती कापड स्वच्छ करून, स्त्रियांना मासिक पाळीच्या वेळीं लागणाऱ्या घड्या त्यापासून शिवतात. २०१५ सालीं श्री. गुप्ता यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

उलट, विचार न करतां दिलेलें दान कसें वायां जातें, हें २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूंत दिसलें. ठिकठिकाणांहून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांची भावना खरी होती. परंतु कोणास काय उपयोगी पडेल, हें पाहून निवड झालेली नव्हती.

मग आपण काय करावें? आपल्या चाळींत अथवा सोसायटींत महिन्यांतून एक रविवार ठरवावा. प्रत्येकानें कपडे धुऊन आणावे व सर्वांनीं मिळून त्यांचे तीन ढीग करावे: नेसण्याजोगे, दुरुस्तीचे आणि केवळ कापड म्हणून उपयोगी. तिसऱ्या ढिगांत सुती व पॉलिएस्टर वेगळें ठेवावें. पॉलिएस्टर पाणी शोषीत नाहीं, म्हणून त्याची पिशवी चांगली होते, पुसणें होत नाहीं. ज्यांना शिवण येतें त्यांनीं इतरांस शिकवावें. मुलग्यांनींहि बटण लावण्यास शिकावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि कपडा देण्यापूर्वीं प्रत्येकानें मनाशीं विचारावें, "घरीं आलेल्या पाहुण्यास मी हा अंगावर घालावयास देईन काय?" नाहीं असें उत्तर आलें, तर तो कपडा दानाच्या ढिगांतून काढून सुईदोऱ्याच्या ढिगांत ठेवावा.