हाफबॅक लेस्ली क्लॉडियस

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी रायपूर ओलांडून बिलासपुरास पोचते. १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपूरहूनच चाले, त्यामुळे मराठी माणसाला तो परका नाही. याच लोहमार्गावरील बिलासपुरात २५ मार्च १९२७ रोजी लेस्ली क्लॉडियस यांचा एका अँग्लो-इंडियन कुटुंबात जन्म झाला.

त्यांचा ओढा प्रथम फुटबॉलकडे होता. बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघातून ते खेळत. तसेच चालले असते तर रेल्वेचा एक बरा खेळाडू, एवढीच त्यांची ओळख राहिली असती. १९४६ च्या सुमारास खरगपुरास रेल्वेच्या दोन हॉकी-संघांत सरावाचा सामना होता आणि एक गडी कमी पडला. १९३२ च्या ऑलिंपिक विजयी संघातील डिकी कार तेथे होते. त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या या फुटबॉलपटूला मैदानात बोलाविले. १९४८ साली तोच तरुण लंडन ऑलिंपिकसाठी भारताच्या संघात होता!

उजव्या हाफबॅकची जागा मोठी कष्टाची. आपल्या विंगला मोकळ्या जागी चेंडू पुरवावयाचा आणि प्रतिपक्षाच्या विंगची वाट अडवावयाची, अशी ही दुहेरी चाकरी. गोल लागतात ते आघाडीवाल्यांच्या नावावर. या जागेवर राहून क्लॉडियस यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन सुवर्णपदके मिळविली.

१९६० साली रोम येथे ते कर्णधार झाले. अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतास एका गोलाने हरविले. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना न गमावलेल्या भारताचा हा पहिलाच पराभव. आधीच्या विजयांचे श्रेय अनेकांत वाटले गेले होते. या पराभवाला मात्र कर्णधाराचे नाव चिकटले. यात न्याय नाही, पण रीत तशी आहे.

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१२ च्या ऑलिंपिकनिमित्त निघालेल्या लंडनच्या रेल्वे-नकाशात एका स्थानकास त्यांचे नाव देण्यात आले. रेल्वेच्या खेळाडूस हा मान शोभला. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये रायपूरच्या मैदानावर भारताने नेदरलँड्सला हरवून जागतिक हॉकी लीगचे कांस्यपदक मिळविले. बिलासपूर तेथून सुमारे ११० किलोमीटर आहे.