आपल्या दर्यातील कुबडा डॉल्फिन



डॉल्फिन म्हटला की चित्रातला, गुळगुळीत पाठीचा आणि उंच उड्या घेणारा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे येतो. आपल्या सातपाटी, मुरबे, तारापूरच्या पाण्यातला डॉल्फिन तसा नव्हे. मुरब्याच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही होडीत बसलो असता प्रथम ऐकू आला तो फुस्सकन सोडलेला श्वास. मग लांब चोच वर आली, आणि मागोमाग शिशाच्या रंगाची पाठ. पाठीवर कुबड, व त्या कुबडावर कोणी आणून बसवावा तसा आखूड पर! 1829 साली फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए याने मलबारच्या नमुन्यावरून त्याचे नाव ठेवले, तेही या शिशावरूनच: प्लंबिआ.

अंगाने हा सुमारे अडीच मीटर. स्वभावाने भिडस्त, नौकेपुढे खेळत धावण्याची हौस त्याला फारशी नाही. लहानशा टोळीने तो खाडीच्या मुखाशी, खडकांच्या आसपास मासे धरीत हिंडतो. 25 मीटरांहून खोल पाण्यात तो क्वचितच जातो. एवढा अरबी समुद्र पसरलेला, पण याचा संसार किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत! आणि मौज अशी की, आपल्यालाही नेमकी तीच पट्टी हवी असते. जाळी तेथेच पडतात. तारापूरची अणुवीज 1969 पासून त्याच काठावर निर्माण होते. आणि वाढवणच्या बंदराची कोनशिला 2024 साली बसली, तीही याच किनाऱ्यावर.

गढूळ पाण्यात तो आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वाट काढतो. नायलॉनच्या बारीक धाग्याचा प्रतिध्वनी मात्र क्षीण. जाळ्यात अडकला की त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, आणि पाण्यातच जन्मलेला हा जीव पाण्यातच बुडून मरतो. मादीला पिल्लू होते ते साधारण तीन वर्षांनी एक. तेव्हा एक मादी गेली तरी टोळीला ती लवकर भरून काढता येत नाही.

जाळे कापून असा प्राणी सोडणाऱ्यास 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने 2018 साली काढली. योजना चांगली, असे आमचे मत. पुराव्याला छायाचित्र लागते. हे सांगितले तेव्हा आमचे नाखवा हसले. म्हणाले, "काळोखात, लाटेवर, एका हातात सुरी नि दुसऱ्या हातात जाळं, मग फोटो कोणत्या हातानं काढू?"