सार्वमत कुणाचं, मोजणी कुणाची?

(चांदोली परिसरातल्या वाड्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या वाड्यांवरून लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. वाचता येणाऱ्यांनी इतरांना वाचून दाखवावा.)



आज आपण एका शब्दावर बोलणार आहोत. सार्वमत. पेपरात हा शब्द येतो. अमुक देशात सार्वमत झालं, लोकांनी हो म्हटलं, नाही म्हटलं. आपल्याला वाटतं, ही मोठ्या देशांची गोष्ट, डोंगरातल्या माणसाला काय त्याचं? आम्ही म्हणतो, आपल्याला त्याचं फार आहे. कारण वाघांच्या राखीव जंगलातून गाव उठवायचं असेल तर गावाची संमती लागते, असं कायदा म्हणतो. संमती म्हणजे काय? गावाचं सार्वमतच. ते नीट झालं तर आपली जमीन राहते. ते वहीतल्या सह्यांवर उरकलं तर आपणच आपल्या हाताने घर सोडल्याचं कागदावर राहतं.

पहिली गोष्ट समजून घ्या. आपल्या देशात सबंध देशाचं सार्वमत घेण्याचा कायदाच नाही. राज्यघटनेत आमदार-खासदार निवडायची सोय आहे. एखाद्या प्रश्नावर थेट लोकांना विचारायची सोय नाही. १९७८ साली जनता पक्षाच्या सरकारने एक घटनादुरुस्ती आणली होती. घटनेच्या मुळावर घाव घालणारा बदल करायचा तर लोकांचं सार्वमत घ्यावं, असं त्यात होतं. लोकसभेत ते पास झालं, राज्यसभेने ते कलम काढून टाकलं. तेव्हापासून ते तसंच राहिलं.

पण एकदा मराठी मुलखाच्या अगदी शेजारी सार्वमत झालं, आणि ते कायद्याने झालं. गोव्यात. गोवा पोर्तुगिजांकडून १९६१ ला सुटला. मग वाद लागला, गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा? तिथले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे. विधानसभेत ठराव करून विषय संपवता आला असता. पण लोक म्हणाले, आमदार आम्ही दुसऱ्या कामाला निवडलेत, ह्या प्रश्नावर आम्हाला विचारा. मग संसदेने १९६६ साली खास कायदा केला. मतदानाआधी बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं, राष्ट्रपती राजवट आली. का? तर ज्याला एक बाजू हवी आहे त्याच्याच हातात कारभार नको. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चिन्हं, फूल आणि दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळेल असं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. महाराष्ट्रातल्या किती तरी लोकांना वाईट वाटलं, पण निकाल सगळ्यांनी मानला.

तो का मानला गेला, हे लक्षात घ्या. प्रश्न एकच होता आणि सरळ होता. मतदार कोण ते यादीत आधीच ठरलेलं होतं. मत गुप्त होतं. घेणारा निवडणूक आयोग होता. मोजणी उघड होती. आणि आधी कायदा होता. ह्या गोष्टी असल्या म्हणजे हरणाराही गप्प बसतो. ह्यातली एक जरी गळाली, तरी जिंकणाऱ्यालाही भरवसा राहत नाही.

आता दुसरी गोष्ट, आपल्याच राज्यातली. रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझ येणार होता. सेझ म्हणजे कंपन्यांसाठी वेगळा इलाखा. त्यासाठी गावंच्या गावं घ्यायची होती. पेण तालुक्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या पाण्याखाली भिजणारी. ती म्हणाली, पाण्याची आशा दाखवून आता जमीनच नेता? त्या लढ्याचं नेतृत्व केलं आपल्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीच्या प्रा. एन. डी. पाटलांनी. सांगलीचा माणूस रायगडच्या शेतकऱ्यांत जाऊन उभा राहिला. मोर्चे झाले, उपोषणं झाली, तेव्हा सरकार म्हणालं, बरं, लोकांचं मत घेऊ. २१ सप्टेंबर २००८ ला त्या २२ गावांत मत घेतलं गेलं.

पण गोव्यासारखा कायदा पाठीशी नव्हता. मत घ्या असा सरकारचा हुकूम होता. ते मत पाळलंच पाहिजे असं लिहिलेलं कुठेच नव्हतं. लोकांनी मत दिलं, पुढे काय करायचं ते पुन्हा सरकारच्याच मर्जीवर. शेवटी २००९ मध्ये संपादनाची मुदत संपली आणि ते बारगळलं. जमीन वाचली ती लोक हटले नाहीत म्हणून. ह्यातून आम्ही एक धडा घेतो. मत मागायला कुणी आलं तर पहिला प्रश्न हा विचारायचा, "हे मत कुठल्या कायद्याखाली घेता? आम्ही नाही म्हटलं तर ते तुम्हाला बंधनकारक हाय का?" उत्तर लेखी घ्यायचं.

तिसरी गोष्ट ओडिशाची. तिथे नियमगिरी नावाचा डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला देव मानतात, नियमराजा म्हणतात. त्याच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, आणि कंपनीला ते हवं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १८ एप्रिल २०१३ ला कोर्टाने सांगितलं, वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेलाच विचारा. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा माणूस देखरेखीला ठेवा. शंभराहून जास्त गावं त्या डोंगरावर अवलंबून, पण राज्य सरकारने त्यातली १२ च निवडली. लोकांनी हरकत घेतली, पण लोक मागे हटले नाहीत. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये एकेका गावात ग्रामसभा झाली. न्यायाधीश बसले, लोक आपल्या भाषेत बोलले, बाया बोलल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. २०१६ साली पुन्हा ग्रामसभा घ्या म्हणून अर्ज गेला, तो सुप्रीम कोर्टाने ऐकला नाही. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, हे चाललं नाही.

आता जगातली एकच गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंड नावाचा देश आहे. तिथे लोक वर्षातून चार-चारदा सार्वमत घेतात. एक लाख लोकांनी अठरा महिन्यांत सह्या केल्या तर घटना बदलायचा प्रश्न सगळ्या देशापुढे ठेवावाच लागतो. तिथे २०१६ साली नवरा-बायकोच्या करावर मत झालं. सरकारने लोकांना सांगितलं, दोघंही कमावतात अशा ८०,००० जोडप्यांना जादा कर पडतो. थोडक्या फरकाने प्रस्ताव पडला. मागाहून कळलं की अशी जोडपी ४,५४,००० आहेत. २०१९ साली तिथल्या वरच्या कोर्टाने ते मतदानच रद्द केलं. म्हणाले, खोट्या माहितीवर घेतलेलं मत हे मत नव्हे.

हे वाक्य आपण गाठीला बांधून ठेवू. वाडीवर येऊन कुणी सांगतं, "दहा लाख मिळतील, जमीन मिळेल, शाळा मिळेल." कागद दाखवत नाही, जमीन दाखवत नाही. मग सही घेतं. ती संमती खोट्या माहितीवर घेतलेली आहे.

आता आपल्या दारात येऊ. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, चार जिल्ह्यांत तो पसरलाय. आधी कोयनेचं धरण, मग वारणेचं, मग अभयारण्य, मग वाघ. एका पिढीला धरणाने उठवलं, दुसरीला जंगलाने. आपले सातारा-सांगली जिल्हे अनुसूचित क्षेत्रात नाहीत, म्हणून पेसा कायदा आपल्याला लागू नाही. काही साहेब त्यावरून म्हणतात, "तुमच्याकडं ग्रामसभेला ताकद न्हाई." हे खरं नाही. वनहक्क कायदा २००६ सगळ्या देशाला लागू आहे. त्यात आदिवासी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारे इतरही आहेत. आपला गवळी धनगर भाऊ तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं जंगलात राहिल्याचं दाखवू शकला तर त्यालाही हक्क आहे.

त्या कायद्याचं कलम ४ काय म्हणतं ते ऐका. वन्यजीवांच्या अत्यंत महत्त्वाच्या ठिकाणाहून लोकांना हलवायचं असेल तर ग्रामसभेची मोकळी, माहिती घेऊन दिलेली संमती लेखी पाहिजे. हलवण्याला पाहिजे आणि पुनर्वसनाच्या योजनेलाही पाहिजे. आणि नव्या जागी जमीन आणि सोयी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला हलवता येत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३८ व्ही मध्येही वाघांच्या जंगलासाठी असंच आहे. तिथे ग्रामसभेची आणि ज्याला उठायचं त्या माणसाची, दोन्हींची संमती सांगितली आहे. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी ज्यांना पुनर्वसनाचा हक्क न देता बेकायदा हाकललं, त्यांना पर्यायी जमिनीचा हक्कही ह्याच कायद्यात आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. इथेच आपण फसतो. पंचायतीच्या साध्या ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, त्यातलं जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणजे पाच-दहा जण ठराव करू शकतात. पण वनहक्काच्या ग्रामसभेचे नियम वेगळे आहेत. गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांपैकी निम्मी तरी हजर पाहिजेत. हजर माणसांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. दाव्यांचा ठराव असेल तर दावेदारांतलेही निम्मे पाहिजेत. मग हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने ठराव. गावात ६०० प्रौढ असतील तर ३०० आल्याशिवाय सभा नाही. ३०० आले आणि बाया ९० च असतील तरी सभा नाही. १०० पाहिजेत.

बायांनो, मोजायची सवय तुम्हाला आहेच. दारूचं दुकान बंद करायचं मत आठवा. उभी बाटली, आडवी बाटली. पंचवीस टक्के बायांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान. आणि दुकान बंद व्हायचं तर आलेल्यांचं नव्हे, यादीतल्या एकूण बायांचं निम्म्याहून जास्त मत आडव्या बाटलीला पाहिजे. ४०० बाया यादीत असतील तर २०१. म्हणजे जी घरात बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेलं. वनहक्काच्या सभेतही तेच आहे. आपण आलो नाही तर सभाच होत नाही, आणि मग तीच सभा साधी ग्रामसभा म्हणून उरकली जाते.

आम्ही वाड्यांवर फिरतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. वही फिरते, हजेरीच्या सह्या नि अंगठे घेतात, चहा होतो, लोक घरी जातात. ठराव मागाहून वरच्या रिकाम्या जागेत लिहितात. मग सहा महिन्यांनी कळतं, आपण संमती दिली होती. ह्याला सार्वमत म्हणत नाहीत. म्हणून प्रत्येक वाडीने एवढं करायचं:

१. सभेची नोटीस लेखी घ्यायची. विषय स्पष्ट लिहिलेला पाहिजे. "इतर विषय" ह्या नावाखाली संमतीचा ठराव चालू द्यायचा नाही.

२. सभा सुरू होताना माणसं मोजायची, बाया वेगळ्या मोजायच्या, आणि आकडा वहीत लिहायला लावायचा.

३. ठराव आधी मोठ्याने वाचायचा, आपल्या बोलीत समजावून घ्यायचा, मग मत. मतानंतर लगेच ठराव वहीत लिहायचा, खाली रिकामी जागा सोडायची नाही, आडवी रेघ मारायची, मगच सह्या.

४. हो किती, नाही किती, गप्प किती, तिन्ही आकडे लिहायचे.

५. ठरावाची नक्कल त्याच दिवशी मागायची. मोबाइलवर फोटो काढायचा.

६. ज्या वाड्या कुठल्याच गावाच्या दप्तरात नाहीत, त्यांची यादी पंचायतीने करून त्या त्या वाडीच्या सभेत मंजूर करून उपविभागीय समितीकडे द्यायची आहे. आपली वाडी त्यात आहे का, हे ह्याच महिन्यात विचारायचं. यादीत नाव नसेल तर आपली मतं दुसऱ्याच गावात विरघळतात.

आणि ठराव चुकीचा झाला तर? गप्प बसायचं नाही. ग्रामसभेच्या दाव्यांवरच्या ठरावाने ज्याचं नुकसान झालं तो साठ दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करू शकतो. तिथे न्याय मिळाला नाही तर त्या निर्णयापासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडे. आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय तुमच्याविरुद्ध अर्ज निकाली काढता येत नाही. म्हणूनच नक्कल आणि तारीख लागते. तारीख माहीत नसेल तर साठ दिवस कुठून मोजणार?

शेवटी आपसातलं बोलतो. काही घरांना जायचं आहे. पोरांना शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, रानडुकरं पीक ठेवत नाहीत. ज्याला जायचं त्याला आपण गद्दार म्हणायचं नाही. ते त्याचं मत आहे. पण त्यानेही आपलं मत सभेत उभं राहून द्यावं, नव्या जागेची जमीन डोळ्यांनी बघून द्यावं, अंधारात सही करून देऊ नये. आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याच्या पुनर्वसनासाठी तितकंच भांडावं. वाडी दोन मतांची झाली तरी चालेल, मोजणी एकच पाहिजे आणि ती उघड पाहिजे.

गोव्याच्या माणसाला चिठ्ठी मिळाली, कारण त्याने आधी कायदा मागितला. नियमगिरीच्या माणसाने कायद्यातली ग्रामसभा खरीखुरी भरवून दाखवली. आपल्याकडे कायदा आहे. पुढच्या ग्रामसभेत माणसं मोजायला आपल्यापैकी कोण कोण उभं राहणार, त्यांची नावं आजच, इथून उठायच्या आधी, लिहून घेऊ. त्यात निम्मी नावं बायांची पाहिजेत.

जोहार! जिंदाबाद!