दवाखान्याची पायरी आणि माणसाचा हक्क

(अकलोली, तालुका भिवंडी, येथे बौद्ध कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



ज्या तानसेच्या काठी आपण जमलो आहोत, तेथील उष्णोदकाची कुंडे सर्वश्रुत आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने हे पाणी तापते, अशी दंतकथा आहे. वास्तविक ते भूगर्भातील उष्णतेने तापते. अंग हलके होत असेल तर स्नान अवश्य करावे. परंतु तापाने फणफणलेल्या मुलास कुंडावर न्यावे की दवाखान्यात, हा प्रश्न ज्या घरात अजून उठतो, त्या घराच्या उंबरठ्याबाहेरच धम्म उभा आहे, असे मी समजतो.

त्याहून मोठा प्रश्न असा की, दवाखान्यात आपण कसे उभे राहतो? उपकार मागणाऱ्याप्रमाणे, की हक्कदाराप्रमाणे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. त्या लढ्यामागे ४ ऑगस्ट १९२३ चा, मुंबई कायदे कौन्सिलातील बोले यांचा ठराव होता. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा तर होत्याच. पण शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. तळे आपल्या स्मरणात राहिले, दवाखाना आपण विसरलो! महाडचा लढा केवळ तहान भागविण्यासाठी नव्हता. आपणही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी होता. दवाखान्याची पायरीही त्याच भावनेने चढावयास हवी.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. अतिसाराने पीडलेला एक भिक्षू मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांनी पाहिला. आनंदासह त्यांनी स्वतः त्यास आंघोळ घातली व उचलून बिछान्यावर निजविले. इतर भिक्षूंनी त्याची शुश्रूषा का केली नाही, असे विचारता उत्तर मिळाले की, तो संघाच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी हा हिशेब नाकारला. शुश्रूषा उपयुक्ततेवर किंवा प्रतिष्ठेवर अवलंबून नसते. ती माणूस म्हणून मिळावयाची असते. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २५ व्या कलमाने वैद्यकीय सेवा हा प्रत्येकाचा हक्क म्हणून सांगितला, त्याचे मर्म हेच आहे.

आपल्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. बौद्ध झालो म्हणून अनुसूचित जातींचे संरक्षण जाईल, ही भीतीही मनातून काढून टाका. १९९० मध्ये त्या यादीत बौद्धांचा समावेश झाला आहे. पश्चिम बंगालमधील एका जखमी शेतमजुरास अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई मिळाली.

कोणी म्हणेल, कायदा पुस्तकात आणि औषध कुलपात! पण २००७ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यासह महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीस आरंभ झाला. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेची पाहणी केली, तिला बरी-वाईट अशी प्रत दिली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. तपासावयाचे आम्ही आणि उत्तर द्यावयाचे सरकारने, ही क्रांती लहान नव्हे.

म्हणून सांगतो: सेवा नाकारली गेल्यास दिवस, वेळ व दिलेले कारण लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या व तिची पोच घ्या. ग्रामसभेत आरोग्याचा प्रश्न मांडा. त्यास आपल्या भगिनींना पुढे करा, कारण बाळंतपणाचे भोग त्यांच्याच वाट्याला येतात. आणि शेजारच्या पाड्यावरील कातकरी व वारली बांधवांना सोबत घ्या. आपल्यापुरते मागितले तर ती सवलत होते. सर्वांसाठी मागितले तरच तो हक्क होतो.

जय भीम!